सड्यावरची करवंदी परसात आणताना

परसाच्या मागच्या दगडी गडग्याला लागून मला करवंदीचं कुंपण हवं होतं. त्या काट्यांत गुरं घुसत नाहीत, आणि वैशाखात काळी मैना दारातच मिळते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा मोठ्या फळांचा ‘कोंकण बोल्ड’ वाण आहे, तोही चांगलाच. पण माझा जीव सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, बारीक, गोड करवंदांत अडकलेला.

पहिल्या मे महिन्यात बिया धुतल्या, वाळवल्या आणि पुडी बांधून ठेवल्या. पाऊस स्थिरावल्यावर जुलैत पेरल्या. त्यातल्या जेमतेम दोन उगवल्या. करवंदाच्या बीची उगवणशक्ती फार लवकर जाते, हे तेव्हा कळलं. मग फांद्या खोचून पाहिल्या. कापल्या जागी पांढरा चिकट चीक आला आणि थोड्याच दिवसांत काड्या वाळून गेल्या. करवंदीची काडी सहजी मूळ धरत नाही.

पुढच्या वर्षी बोटांत धरताच फुटतील अशी काळीभोर फळं निवडली. राखेत चोळून गर काढला आणि त्याच दिवशी माती-शेणखताच्या पिशव्यांत जेमतेम झाकतील इतक्या वरच बिया टाकल्या. तिसऱ्या आठवड्यात कोंब वर आले. तो आनंद काही औरच!

रोपं वर्षभर पिशवीतच वाढवली आणि पुढच्या पावसाळ्यात दोन-दोन फुटांवर लावली. वाढ अगदी संथ. रोज सकाळी जाऊन बघायचो. नवा काटा सुरुवातीला कोवळा असतो, नखानं सहज वाकतो. पेराला जोडीनं येतो आणि पुढे असा टणक होतो की चपलेतून आरपार जावा. छाटणी मात्र फळं संपल्यावरच करायची. फुलं फांद्यांच्या शेंड्यांवर येतात, हिवाळ्यात कात्री लावली की त्या वर्षीचा बहर गेलाच.

लावल्यापासून तिसऱ्या फाल्गुनात पांढरी, चांदणीसारखी फुलं आली. संध्याकाळी जाईसारखा वास परसभर. हिरवी करवंदं आईनं लोणच्याला मागितली, थोडीच दिली. उरलेली झाडावर पिकू दिली.

पहिलं पिकलेलं करवंद भाचीनं हातात घेतलं. खेळ जुनाच: आत लाल तो कोंबडा, पांढरट ती कोंबडी. तिनं मला विचारलं, “मामा, कोंबडा की कोंबडी?”

“कोंबडा.”

तिनं दातांनी अर्धं तोडून दाखवलं. आत लालभडक.