टोक कुठे रोवायचं?

रविवारी भाची वाशीहून आली ती भूगोलाची वही घेऊनच. जेवणं उरकल्यावर टेबलावर वर्तुळं काढत बसली. एकात एक, पाच. मधे बाजार आणि कचेऱ्या, मग मोडकळीला आलेली वस्ती, मग कामगार, मग मध्यमवर्ग, आणि सगळ्यात बाहेर रोज ये-जा करणारे. शहर असं मधून बाहेर वाढत जातं, हे बर्जेस नावाच्या गृहस्थांनी १९२५ मध्ये शिकागो बघून मांडलं. शिकागोच्या एका अंगाला अख्खं मिशिगन सरोवर आहे, म्हणजे त्यांच्याच गावात वर्तुळं अर्धी बुडालेली. पुस्तकात मात्र गरगरीत.

मला नसते उद्योग फार. म्हटलं, ठाण्यावर काढून बघू. तर कंपासचं टोक कुठे रोवायचं, इथूनच वाद. मी म्हटलं स्टेशन. आई म्हणाली, "जांभळी नाका. स्टेशनवर काय मिळतं?"

तिचंही खरंच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाबा मला तिथे न्यायचे. झेंडूचे ढीग, ओल्या गोणपाटाचा वास, पायावरून जाता जाता राहिलेलं हातगाडीचं चाक. पाव किलो गवारीसाठी बाबा सगळा बाजार पालथा घालायचे आणि शेवटी पहिल्याच बाईकडे यायचे. ती आम्हाला लांबून पाहूनच तागडीत शेंगा टाकायला लागायची. "झालं फिरून?" एवढंच विचारायची. मग पिशवी दोन पायांत दाबून तलावपाळीच्या कठड्यावर भेळ.

असो. टोक जांभळी नाक्यावर रोवलं. वर्तुळ पूर्वेला खाडीत पडलं, पश्चिमेला येऊरच्या डोंगराला धडकलं. उरली उत्तर, म्हणून सगळं गाव घोडबंदर रोडने वर वर सरकत गेलं. भाचीच्या पुस्तकात हॉइटही आहेत, १९३९चे. त्यांच्या मते पैसेवाली वस्ती चांगल्या रस्त्याचा हात धरून बाहेर निघते. कासारवडवलीचे टॉवर बघून ते खूश झाले असते. पण तिथे राहणारा माझा मित्र, पत्त्यात ठाणे पश्चिम लिहिणारा, अजून म्हणतो, "जरा ठाण्याला जाऊन येतो."

खरं तर टोक ठाण्यात नव्हतंच कधी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली गाडी ३४ किलोमीटरवर येऊन थांबली, तेव्हाच आमचं ठरलं. आजोबा, बाबा, अर्धा नौपाडा, सगळे पाचव्या वर्तुळातले. फोर्टात मस्टरवर सही करायची आणि रात्री जेवायला घरी. आता सकाळी ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर उभे राहा. नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, घणसोलीच्या कंपन्यांकडे निघालेली गर्दी बघून वाटतं, टोक उचललं कुणीतरी.

"आमच्याकडे मध्यच नाहीये, मामा," भाची म्हणाली. चांगलीच ऐटीत. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडच्या या शहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये ते वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ आलं, आणि एका शहराऐवजी नोड, म्हणजे सुटी सुटी उपनगरं झाली. ज्याचं त्याचं स्टेशन, ज्याचा त्याचा बाजार. कल्पना झकास. माझा राग फक्त सेक्टरांच्या आकड्यांवर आहे. नवाच्या शेजारी दहा असेल या भरवशावर मी किती रिक्षावाल्यांशी भांडलोय!

तिच्याकडे जाताना सरळसोट रस्ता मधेच एकदम आखडतो. वळतो. भिंतीला भिंत लागलेली घरं, गच्चीवर सुकत घातलेला जवळा, रिक्षाला वाट द्यायला ओट्यावर चढणारी माणसं. हे गावठाण. नोड यायच्या आधीचं, वर्तुळांच्याही आधीचं. अशा ९५ गावांची जमीन या शहराखाली आहे. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या मोबदल्यासाठी उरण भागातले शेतकरी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, म्हणजे घेतलेल्या जमिनीचा तेवढा हिस्सा भूखंड म्हणून परत. घरं मात्र वाढतच राहिली, कारण मुलं वाढली. कागदोपत्री त्यांना 'गरजेपोटी बांधलेली' म्हणतात, आणि ती कायम होणार की पडणार, हे दर निवडणुकीला नव्याने ऐकू येतं.

भाचीची मैत्रीण त्यातल्याच एका घरात राहते. सध्या वर तिसरा मजला चढतोय.