२० तारखेपर्यंत

सोलापूरच्या पूर्व भागात मी संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग घेते. येणारी बहुतेक मुलं दिवसभर कामावरून थकून आलेली असतात. एका सोमवारी वर्गाला अर्धा तास असतानाच टॉवेलच्या कारखान्यात एक्सपोर्टचं बघणारा माझा विद्यार्थी दारात उभा. हातात मेलची प्रिंट.

"मॅडम, यात काय चुकलंय ते सांगा. शेठ सकाळपासून ओरडायलेत."

वाक्य होतं, 'वी विल डिस्पॅच द गुड्स टिल ट्वेंटिएथ.' त्यावर परदेशातल्या गिऱ्हाइकानं विचारलं होतं, आजवर किती खोकी निघाली, त्यांची कागदपत्रं कुठे आहेत, आणि २० तारखेनंतर माल का थांबणार? इकडे माल अजून मागावरच होता.

स्पेलिंग बरोबर, काळही बरोबर. घोटाळा एकट्या 'टिल'चा. 'दुकान नऊपर्यंत उघडं असतं' आणि 'काम नऊपर्यंत संपव', आपण दोन्हीकडे 'पर्यंत'च म्हणतो. इंग्रजी तिथे वाट बदलतं. एखादी गोष्ट त्या वेळेपर्यंत चालूच राहणार असेल तर टिल किंवा अंटिल. त्या वेळेच्या आत एकदाची उरकायची असेल तर बाय. त्याला म्हणायचं होतं, माल विसाच्या आत निघेल. गिऱ्हाइकानं वाचलं, विसापर्यंत माल पाठवत राहू.

मला राग आला तो माझाच. 'टिल म्हणजे पर्यंत' हे फळ्यावर मीच लिहून दिलं होतं, आणि त्यानं ते इमानानं वापरलं होतं.

मी दोनदा समजावलं. तो मान हलवत होता, पण डोळ्यांत काही उमटत नव्हतं. मग आठवलं, याच्या घरी तेलुगू बोलतात. विणकामासाठी इथे आलेल्या पद्मशाली कुटुंबांतला मुलगा.

"आईला सांगायचंय, विसाच्या आत पैसे देतो. घरी कसं म्हणशील?"

"इरवै लोपु."

"आणि वीस तारखेपर्यंत गावालाच राहीन?"

"इरवै वरकु..." तो थांबला. "मॅडम, लोपु म्हणजे बाय! वरकु म्हणजे टिल!"

इतकी वर्षं शिकवतेय, पण मुलांच्या घरातली भाषा वर्गात आणावी असं मला कधी सुचलं नव्हतं. मराठीतही 'आत' आहेच की. तो शब्द मी यादीत घातला असता तर ही वेळ आली नसती.

आम्ही तिथेच नवा मेल लिहायला बसलो. जुन्या मेलची पुढची ओळ वाचली आणि माझ्या छातीत धस्स झालं. 'वी हॅव वन डाउट अबाउट युवर पेमेंट.' बिचाऱ्याला फक्त विचारायचं होतं, पैसे कुठल्या बँकेतून येणार. शंका विचारणं आणि शंका घेणं, आपला शब्द एकच. पण व्यवहारात पैशांबद्दल 'डाउट' म्हटलं, की समोरच्याला वाटतं आपल्यावर अविश्वास दाखवला.

'डाउट' खोडून 'क्वेश्चन' लिहिलं, 'टिल'च्या जागी 'बाय'. त्यानं सगळं एकदा मोठ्यानं वाचून दाखवलं आणि फोनवरून मेल पाठवला. जिन्यावर बाकीच्यांच्या चपला वाजायला लागल्या होत्या. मी फळा पुसला आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पर्यंत'.