तुम्ही विचारलंत म्हणून : नाताळ असताना ईस्टर मोठा कसा?

मी साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते, आणि होळी सरली की बार रूममध्ये मला हमखास विचारले जाते, "मॅडम, तुमचा मोठा सण नाताळ ना? मग ईस्टरला तुम्ही एवढे का मानता, आणि आजच्या काळात आम्हा बाकीच्यांनी त्यातून काय घ्यायचे?" विचारणारे आपुलकीने विचारतात आणि दोन तारखांच्या मधल्या वेळेत दिलेले उत्तर नेहमीच अपुरे राहते, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

प्रश्नाचा पहिला भाग सोपा आहे. नाताळ २५ डिसेंबरला पाळला जात असल्याची रोममधली जुनी नोंद इ. स. ३३६ ची आहे. ईस्टर, म्हणजे वधस्तंभावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला त्याचा सण, मात्र दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळ्याही पाळत होत्या. मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची शुभवर्तमाने म्हणजे बायबलमधली येशूची चार चरित्रे; त्यांपैकी मार्क आणि योहान यांच्या शुभवर्तमानांत येशूच्या जन्माची कथाच नाही, परंतु वधस्तंभ आणि रिकामी कबर चारही शुभवर्तमानांत आहे, आणि ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आहे, असे सुरुवातीच्या काळातला प्रेषित संत पौल याने करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात स्पष्टच लिहिले आहे. तारखेचे म्हणाल, तर २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर, असा नियम आहे. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान फिरतो आणि बहुधा आपल्या होळीच्या किंवा हनुमान जयंतीच्या पाठोपाठ येतो. सरकारी सुट्टी गुड फ्रायडेला असते; तो येशूच्या मृत्यूच्या शोकाचा दिवस, त्या दुपारी आम्ही त्याच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन करतो, तेव्हा शुभेच्छा द्यायच्या त्या रविवारी द्याव्यात. नाताळ जवळ आला की मोती चौकातल्या दुकानांतही चांदण्या लटकू लागतात. ईस्टर रविवारीच येतो आणि बाजारानेही त्याला अजून हात लावलेला नाही, म्हणून तो शेजाऱ्यांच्या नजरेस पडत नाही. मला स्वतःला यात ईस्टरचे काही नुकसान झाले आहे असे वाटत नाही.

दुसरा भाग मात्र माझ्या अंतःकरणाजवळचा आहे. मी ख्रिस्ती घरात वाढले, पण ईस्टरची कथा मला खऱ्या अर्थाने भिडली ती वकिली सुरू केल्यावर, कारण ती मुळात साक्षीची कथा आहे. रविवारी पहाटे कबरेपाशी कोण गेले होते, याबाबत चारही शुभवर्तमाने तंतोतंत जुळत नाहीत. मत्तय दोन स्त्रियांची नावे देतो, मार्क तीन, लूक तीन नावे देऊन इतरही होत्या असे सांगतो आणि योहान एकट्या मग्दालीया मरीयेविषयी, म्हणजे येशूच्या एका शिष्येविषयी, बोलतो. काहींना ही विसंगती अडचणीची वाटते. मला ती पढवलेल्या साक्षीदारांची वाटत नाही, एवढे मी माझ्या व्यवसायाच्या अनुभवावरून म्हणेन. चौघांचे एका गोष्टीवर मात्र एकमत आहे, ते म्हणजे पहिल्या साक्षीदार स्त्रिया होत्या आणि त्यांत मग्दालीया मरीया होतीच.

ज्या समाजात हे घडले, तिथे स्त्रियांच्या साक्षीला फारसे मोल नव्हते. स्त्रियांची साक्ष त्यांच्या उथळपणामुळे स्वीकारू नये, असे पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस नोंदवतो. दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या टीकाकाराने ख्रिस्ती श्रद्धेची टर उडवताना हाच मुद्दा काढला, की हे सगळे एका भ्रमिष्ट बाईच्या सांगण्यावर उभे आहे. आणि परके कशाला, लूकच्या वृत्तांतानुसार खुद्द शिष्यांनाच त्या बायकांचे बोलणे वायफळ वाटले व त्यांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या त्याच पत्रात, म्हणजे शुभवर्तमाने लिहिली जाण्याआधी, पुनरुत्थित येशूला पाहिलेल्यांची यादी दिली आहे. तीत केफा म्हणजे पेत्र आहे, बारा शिष्य आहेत, पाचशेहून अधिक बंधू आहेत, याकोब आहे, परंतु एकाही स्त्रीचे नाव नाही. ही यादी मी प्रथम लक्ष देऊन वाचली तेव्हा मला फार वाईट वाटले होते, आणि अजूनही वाटते.

पुढे तर मरीयेचे चारित्र्यच बदलले गेले. ती वेश्या होती असे कोणत्याही शुभवर्तमानात म्हटलेले नाही, परंतु इ. स. ५९१ मध्ये पोप पहिला ग्रेगरी याने एका प्रवचनात तिची आणि लूकमधल्या एका अनाम पापी स्त्रीची सांगड घातली, आणि तो शिक्का पाश्चात्त्य चर्चमध्ये हजाराहून अधिक वर्षे टिकला. कॅथलिक चर्चने १९६९ च्या दिनदर्शिका-सुधारणेत ती सांगड सोडून दिली, आणि २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीचा दर्जा दिला.

हे सारे दूर पॅलेस्टाईनमधले आणि रोममधले आहे असे ज्यांना वाटते, त्यांना मी आपल्याच पुरावा कायद्याची आठवण करून देते. १८७२ च्या त्या कायद्यातील कलम १५५ (४) नुसार बलात्काराच्या खटल्यात पीडित स्त्री एकंदरीत अनैतिक चारित्र्याची आहे असे दाखवून तिची साक्ष अविश्वसनीय ठरवण्याची मुभा होती, आणि ती काढून टाकायला २००२ ची दुरुस्ती यावी लागली. कलम गेले, सवय गेलेली नाही. पोटगीच्या आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत उलटतपासणीचा पहिला रोख कुठे असतो, हे बार रूममधल्या प्रत्येकाला माहीत आहे. न्यायालयाच्या पायरीपर्यंत पोहोचण्याआधीच माहेरच्या माणसांनी, भावकीने आणि कधी कधी स्वतःच्या आईनेही जिचे म्हणणे "तुझेच काहीतरी चुकले असेल" असे सांगून मोडून काढलेले असते, अशी स्त्री समोर येऊन बसली की मला त्या पहाटेच्या बायका आठवतात. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या प्रतींचा शेवट तर असा आहे, की त्या स्त्रिया थरथरत कबरेपासून पळाल्या आणि भीतीमुळे कोणाला काही बोलल्या नाहीत. घाबरून गप्प बसलेला साक्षीदार खोटा नसतो, हे मला त्या ओळीने शिकवले.

तेव्हा आजच्या समाजात ईस्टरचा अर्थ काय, याचे माझे उत्तर असे आहे. राज्यपाल पिलाताने शिक्षा दिली, जमावाने ती मागून घेतली, कबरेवर धोंडा बसला. आणि हा निकाल फिरला आहे ही बातमी देवाने अशा व्यक्तींच्या हाती दिली, ज्यांचे कोणी ऐकणार नव्हते. योहानाच्या वृत्तांतात येशू मरीयेला नावाने हाक मारतो आणि "जाऊन सांग" म्हणतो. ज्याला पुनरुत्थान मान्य आहे, त्याला या निवडीकडे दुर्लक्ष करता येत नाही. ज्याला ते मान्य नाही, त्यालाही ही निवड विचारात पाडू शकते, असा माझा अनुभव आहे. साताऱ्यात हे म्हणणे परके वाटू नये, कारण ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली याच गावी सुरू केलेल्या 'देवाचा दरबार' या ख्रिस्तभक्तांच्या मंडळात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती.

आणि स्त्रियांचे म्हणणे ऐकले जाते का, हा प्रश्न मी बाहेरच्यांनाच विचारते असे नाही. ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेची तयारी आमच्या महिला मंडळातल्या भगिनी करतात, पुनरुत्थानाचा उताराही आता त्याच वाचतात. पण चर्चच्या कमिटीत हिशेबाचा किंवा जागेचा निर्णय घ्यायचा असतो, तेव्हा त्यांचे मत शेवटी, आणि तेही उपचार म्हणून विचारले जाते. कमिटीसमोर मी हे बोलले आहे. आमच्या पाळकांना ते पटले, काही वडीलधाऱ्यांना अजून पटलेले नाही, आणि येत्या वार्षिक सभेत मी ते पुन्हा मांडणार आहे.