शहर आवृत्तीचा मथळा

१० जुलै २०२३ रोजी परदेश पानाची रात्रपाळी माझ्याकडे होती. दुसऱ्या दिवशी लिथुआनियातील विल्निअसमध्ये नाटोची शिखर परिषद सुरू होणार होती आणि स्वीडनचा प्रवेश तुर्कस्तान व हंगेरी यांच्यापाशी अडला होता. त्यातच विल्निअसला निघताना अध्यक्ष एर्दोगन यांनी नवीच अट घातली : पन्नासहून अधिक वर्षे तिष्ठत ठेवलेल्या तुर्कस्तानला आधी युरोपीय महासंघाचे दार उघडा, मग स्वीडनची वाट आम्ही मोकळी करू. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, असे जर्मनीच्या चान्सलरांनी त्याच दिवशी सांगितले. बाहेरगावी जाणाऱ्या, आधी छापल्या जाणाऱ्या डाक आवृत्तीसाठी मी ‘तुर्कस्तानचा नवा अडसर’ असा मथळा देऊन पान सोडले.

रात्री उशिरा एर्दोगन आणि स्वीडनचे पंतप्रधान क्रिस्टरसन यांच्या बैठकीनंतर नाटोच्या सरचिटणीसांची घोषणा आली, तेव्हा शहर आवृत्तीला जेमतेम वीस मिनिटे उरली होती. मी घाईघाईने ‘स्वीडनला तुर्कस्तानची मंजुरी’ असा मथळा टाकला. निवृत्तीला आलेल्या आमच्या मुख्य उपसंपादकांनी मूळ निवेदन मागवले, दोनदा वाचले आणि विचारले, “यात मंजुरी कुठे दिसली तुम्हाला? प्रस्ताव संसदेकडे पाठवू, एवढेच म्हटले आहे. तारीख आहे का?” तारीख नव्हती. ‘प्रस्ताव संसदेकडे पाठवण्यास तुर्कस्तान तयार’ हा लांबलचक मथळा टाइप बारीक करून बसवावा लागला. इतर वृत्तपत्रे आपल्याहून ठसठशीत दिसणार म्हणून मी धुसफुसत घरी गेलो.

तो प्रस्ताव ऑक्टोबरमध्ये संसदेकडे गेला आणि २३ जानेवारी २०२४ रोजी २८७ विरुद्ध ५५ मतांनी मंजूर झाला. तीनच दिवसांनी अमेरिकी परराष्ट्र खात्याने तुर्कस्तानला सुमारे २३ अब्ज डॉलरची एफ-१६ विमाने व सामग्री विकण्यास संमती दिली. रशियाची एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतल्यामुळे २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफ-३५ लढाऊ विमानांच्या कार्यक्रमातून बाहेर काढलेल्या देशाला खरी आस या एफ-१६ विमानांची होती, असे माझे मत आहे. जुलैच्या त्या निवेदनात मात्र एफ-१६चे नावही नव्हते.

जानेवारीत ‘मंजुरी’ हा शब्द एकदाचा छापून आला, त्या दिवशी निवृत्त झालेल्या आमच्या साहेबांना मी आवर्जून फोन केला. ते म्हणाले, “बरे झाले. हंगेरीचे काय?”