पाटी अजून नानांच्याच नावाची का?

गेल्या महिन्यात कुरिअरवाला पोरगा दारात उभा राहून पाटी वाचत होता. "सुभेदारसाहेब आहेत का घरात? त्यांची सही चालेल." म्हटलं, नाना, म्हणजे माझे वडील, २०१९ सालीच गेले. तो ओशाळला, पाकीट देऊन निघाला आणि फाटकाशी मागं वळून म्हणाला, "मग पाटी अजून त्यांचीच?"

हा प्रश्न मला नवा नाही. शेजारी नवीन राहायला आलेल्यांनी विचारलाय, मीटरचं रीडिंग घ्यायला येणाऱ्यानं विचारलाय. नात्यातल्या एका काकूंनी तर काळजीपोटी सांगितलं, गेलेल्या माणसाचं नाव उंबऱ्याशी ठेवू नये, जीव घुटमळत राहतो. दारात उभ्या उभ्या मी प्रत्येकाला "असू दे, बरी दिसते" एवढंच सांगत आले. ते खरं उत्तर नव्हे. आता पाटी अजून नानांच्याच नावाची का, असं तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा बसून लिहिते.

पाटी पितळेची आहे, हातभर लांब, वीतभर उंच. नानांनी ती १९९४ साली बेळगावात करून घेतली, पेन्शनवर घरी यायच्या आठवड्यात. वर 'सुभेदार', मधे नाव, खाली '१ मराठा लाइट इन्फंट्री'. अक्षरं खोदलेली आहेत. त्यांत भरलेला काळा रंग घासून घासून कधीच निघून गेला, त्यामुळे भर दुपारी पाटी कोरीच वाटते. सकाळी ऊन तिरपं असतं तेव्हाच नाव नीट वाचता येतं.

दर रविवारी आंघोळीच्या आधी नाना पाटीपुढं उभे राहायचे. हातात ब्रासोचा डबा आणि जुन्या बनियनची चिंधी. आधी ब्रासो लावून घासायचं, मग वाळू द्यायचं, मग कोरड्या फडक्यानं पुसायचं. पाटीत तोंड दिसायला लागलं तरी काम संपत नसे. ब्रासो वाळला की त्याची पांढरी भुकटी अक्षरांच्या खाचांत बसते. ती काढायला नाना काडेपेटीतली काडी घ्यायचे, तिच्या टोकाला धागा गुंडाळायचे आणि एकेका अक्षरातून फिरवायचे. 'भ'च्या गाठीत, 'र'च्या पायात. मला शेजारी उभं करून म्हणायचे, "लांबनं काय, सगळ्यांचंच चमकतं. इन्स्पेक्शनला येणारा साहेब आतलं पांढरं बघतो."

आता त्या नावाबद्दल. माझे आजोबा आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबले. नावावर गुंठाभर जमीन नाही, कागदावर अंगठा. लोक त्यांना हाकसुद्धा मालकाच्या नावानं मारायचे, अमक्यांचा गडी म्हणून. १९६८ साली, एकोणीस वर्षांचे असताना नाना भरतीला उभे राहिले. आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेत जाण्याचं नवल नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक 'अपशिंगे मिलिटरी' असंच म्हणतात, तिथं पिढ्यान् पिढ्या पोरं फौजेत गेली. पण आमच्या घरातून आधी कोणी गेलेलं नव्हतं. बेळगावच्या सेंटरवरून, म्हणजे रेजिमेंटच्या प्रशिक्षण केंद्रावरून, नाना पहिल्या सुट्टीवर आले ते खांद्यावर काळी लोखंडी पेटी घेऊन. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. आजी सांगायची, आजोबांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्यात आपलं आडनाव कुठलं?" नाना दाखवत गेले आणि आजोबांचं बोट तिथंच थांबलं. आमच्या घरात नाव लिहिलेली ती पहिली वस्तू.

पाटीवरच्या पहिल्या शब्दाला सव्वीस वर्षं लागली. शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार. दोन हुद्द्यांच्या मधे बर्फातली ठाणी आहेत, दोन-दोन वर्षं न मिळालेली दिवाळीची रजा आहे. माझा जन्म झाल्याचं त्यांना पत्रानं कळलं आणि मी त्यांना पहिल्यांदा दिसले तेव्हा सात महिन्यांची होते. आई म्हणते, तू रडायला लागलीस आणि ते पेटीवर बसून राहिले, जवळ यायला घाबरले. रेजिमेंट ४ फेब्रुवारीला आपला दिवस साजरा करते, सिंहगड घेतला तो दिवस. त्या दिवशी नाना घरीसुद्धा कडक इस्त्रीचे कपडे घालायचे, हिरव्या टोपीवर लाल-हिरवा तुरा लावायचे. "तानाजीपण सुभेदारच व्हता," एवढं एक वाक्य दरवर्षी बोलायचे. त्यात बढाई नव्हती. आपल्याला मिळालेला शब्द कुणी कुणी वागवलाय याची त्यांना जाणीव होती, आणि तो जपून वापरायचा असतो असं त्यांना मनापासून वाटायचं.

पाटी वाचली की लोक आणखी एक विचारतात. लढाईत होते का? होते. पाटीवरची १ मराठा, म्हणजेच पहिली मराठा, तिला जंगी पलटण म्हणतात. १९७१ च्या डिसेंबरात ती पूर्व पाकिस्तानच्या उत्तरेला जमालपूरपाशी होती, आणि नाना तेव्हा बावीस वर्षांचे शिपाई. ब्रह्मपुत्रेकाठच्या त्या गावात पाकिस्तानची ३१ बलुच ही बटालियन मोर्चे बांधून बसली होती. आपल्या लोकांनी नदी ओलांडून गावाला मागून वळसा घातला आणि टांगाइल-ढाक्याकडे जाणारा रस्ता अडवला. ९ डिसेंबरला आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याबद्दल पत्र पाठवलं. एका वयस्कर बंगाली माणसानं ते सायकलवरून, पांढरं निशाण लावून नेलं. उत्तर आलं, त्यासोबत बंदुकीची एक गोळी होती. १० तारखेच्या रात्री बलुचांनी फुटून निघायचा प्रयत्न केला तो थेट मराठ्यांच्या मोर्च्यांवरूनच. रात्रभर चकमक चालली, सकाळी जमालपूर पडलं. १२ तारखेला पलटण टांगाइलच्या वाटेवर पुंगलीच्या पुलाशी, आदल्या दिवशी पॅराशूटनं उतरलेल्या २ पॅरा या आपल्याच बटालियनच्या जवानांना जाऊन मिळाली. १६ ला ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या. पलटणीच्या युद्धसन्मानांत आज 'जमालपूर' हे नाव आहे. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांना वीरचक्र मिळालं. नाना त्यांचा उल्लेख कायम 'आमचे ब्रारसाहेब' असाच करायचे.

हे सगळं मी वाचून जमवलं. नानांकडून मिळालं ते बैलगाड्यांचं. नदीपलीकडे वाहनं नेता येईनात तेव्हा तिथल्या गावकऱ्यांनी बैलगाड्या दिल्या, होड्या दिल्या. "तिथली बैलं आपल्या खिलारापेक्षा बुटकी," नाना सांगायचे, "पण चिखलात पाय रोवून चालायची." एक म्हातारा गाडीवान रात्रभर दारूगोळ्याची गाडी हाकत बैलांशी बोलत होता. बंगाली भाषा नानांना कळत नव्हती, पण तो बैलांना काय सांगतोय ते सगळं कळत होतं. "आबापण असंच बोलायचा बैलांशी." आबा म्हणजे माझे आजोबा. मोर्च्यातल्या रात्रीबद्दल विचारलं की म्हणायचे, "लई थंडी होती." खोदून विचारलं तर उठून परसात जायचे. एका शाळेनं १६ डिसेंबरला त्यांना भाषणाला बोलावलं, तिथंही ते बैलांबद्दलच बोलले. गुरुजींचा हिरमोड झालेला दिसत होता. मला मात्र तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की त्या रात्रीतून माणसानं सोबत काय आणावं हे ठरवायचा हक्क त्यांचाच होता. त्या लढाईची 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही पदकं पेटीत रुमालात बांधलेली असायची. पाटी तेवढी बाहेर.

शेवटचे आठ दिवस ते दवाखान्यात होते. ताप उतरत नव्हता. नर्सनं नाव विचारलं की ते नंबर सांगायचे, मग हुद्दा, मग नाव, शेवटी पलटण. नायब सुभेदार झालं की फौजेत माणसाचा नंबर बदलतो, पुढं 'जेसी' लागतं. कागदोपत्री नाना कितीतरी वर्षं तो नंबर लिहीत आले होते. पण त्या आठ दिवसांत त्यांनी एकदाही तो सांगितला नाही. भरतीच्या दिवशी मिळालेला, पेटीवरचा पहिला नंबर सांगायचे, आणि हुद्दा म्हणून 'शिपाई'. मी एकदा म्हटलं, "नाना, सुभेदार." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा तेच म्हणाले. मग मी दुरुस्त करायचं सोडून दिलं. एकोणीस वर्षांचा तो मुलगा मी कधी पाहिला नव्हता, तो मला तिथं भेटला.

ते गेल्यावर आईच्या फॅमिली पेन्शनसाठी खेटे सुरू झाले. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये तिचं नाव नुसतं, आधार कार्डावर पुढं 'बाई' लागलेलं. एवढ्याशा फरकासाठी एका बँकेत आम्हाला पाच महिने फिरवलं. प्रतिज्ञापत्र आणा, गॅझेट आणा, हयातीचा दाखला पुन्हा द्या. जिच्या नवऱ्यानं सव्वीस वर्षं देशाला दिली, तिला ती तीच आहे हे सिद्ध करायला काउंटरपुढं उभं राहावं लागलं याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ज्यांच्या घरी पेन्शनर फौजी आहेत त्यांना मी हात जोडून सांगते, ते हयात असतानाच पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक, आधार आणि बँकेचं पासबुक समोर ठेवून पत्नीच्या नावाचं एकेक अक्षर जुळवून घ्या.

त्या पाच महिन्यांत पाटी काळवंडली. कुणाचं लक्ष नव्हतं. एका रविवारी मी उठून बघते तर आई स्टुलावर चढून ती घासत होती, पदर खोचून. मी तिला खाली उतरवलं आणि चिंधी हातात घेतली. पाटी बदलायचं तेव्हा माझ्याही मनात येऊन गेलं होतं, ते मी आईला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "ते घरात नसायचे तेव्हापण लोकांना हे त्यांचंच घर वाटायचं. आता नवं काय झालं?" तेव्हापासून रविवार माझा आहे.

दोन वर्षांपूर्वी सकाळी एक म्हातारे गृहस्थ फाटकाशी आले. पांढरा शर्ट, पायजमा, हातात पिशवी. गडहिंग्लजकडचे, नानांच्याच कंपनीतले, १९७१ ला सोबत असलेले. एस.टी.नं आले होते. नाना गेल्याचं त्यांना फार उशिरा कळलं होतं. "साहेब गेलं म्हणून कळलं, पोरी. म्हटलं दारापातूर तरी जाऊन यावं." मी आत बोलावलं, पण ते पाटीपुढं थांबले. पिशवी खाली ठेवली, टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट केला. हात थरथरत होता, पण तो त्यांनी लवकर खाली घेतला नाही.

मग ते पुढं झाले, डोळे बारीक करून पाटी बघितली. "ब्रासो कोण मारतं?"

"मीच."

त्यांनी खिशातून काडेपेटी काढली, एक काडी घेतली, भरतीच्या वयात शिकलेली गोष्ट असावी तशा सहजपणे पिशवीच्या कडेचा एक धागा तोडून तिच्या टोकाला गुंडाळला आणि 'भ'च्या गाठीत फिरवला. फुंकर मारली.

"जरा राहिलं होतं," म्हणाले आणि चपला काढून आत आले.