जाळीकामाला पातळ फळी मिळते कुठे?

स्क्रोल सॉ, म्हणजे लाकडात जाळीची नक्षी कापायचं बारीक पात्याचं यंत्र, घेतला की पहिला प्रश्न हाच, कारण पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला सागवान हवं तेवढं आहे पण दोन सुताची, म्हणजे साधारण ६ मिमीची फळी मागितली की समोरचा थेट प्लायकडे बोट दाखवतो. प्लाय वाईट नाही हो, पण कडेला थर दिसतात ना! म्हणून मी चौकटीचे उरलेले तुकडे घेऊन बँडसॉवर (फिरत्या पट्टीच्या करवतीवर) चिरून घेतो, इंचातून कशाबशा तीन फळ्या निघतात, बाकी भुसा आणि रंधा. वाड्याचं जुनं सागवान मिळालं तर सोन्याहून पिवळं, मुरलेलं असतं, फक्त खिळे चुंबकाने आधी शोधायचे. सागात सिलिका, म्हणजे वाळूसारखे कठीण कण असतात, ब्लेड लवकर बोथट होतं, शिवणीचं लाकूड त्यामानाने मऊ. आणि चिरल्यावर मध्ये पट्ट्या घालून वजनाखाली ठेवा, नाहीतर पापडासारख्या वाकतात.