सुकाणूच्या पोटातलं पाणी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर मार्च उजाडला की पाण्याबाहेर ठोकळ्यांवर उभ्या असलेल्या बोटींखाली माणसं वाकलेली दिसतात. त्यातल्या बऱ्याच बोटी १९७०-८०च्या दशकातल्या, फायबरग्लासच्या. त्यांचं एक हमखास दुखणं म्हणजे सुकाणू. ठाणे-नवी मुंबईत खाडीकाठी कुणी जुनी शिडाची बोट घेऊन ती नीट करायला बसलं, तर त्यालाही हेच दुखणं भेटणार. म्हणून काचकापड आणि कार्बन फायबर लावून ते दुरुस्त करायची इथली, इंग्लंडमधली, पद्धत ठाणे-नवी मुंबईच्या हवेचा हिशेब धरून लिहीत आहोत.

दिवाळे किंवा सारसोळ्याच्या जुन्या लाकडी होडीचं सुकाणू मागे बाहेरून अडकवलेलं असायचं. उचललं की हातात यायचं, काय बिघडलंय ते दिसायचं. या बोटींचं सुकाणू तळाखाली असतं. स्टेनलेस स्टीलचा दांडा वर बोटीत जातो. खालच्या टोकाला त्याला दोन-तीन पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात, त्यांच्याभोवती फायबरग्लासची दोन कवचं शिंपल्यासारखी चिकटवलेली असतात आणि मधल्या पोकळीत फोम असतो. हेच सुकाणूचं पातं. दांडा जिथे पात्यात शिरतो, तिथे सगळा घोळ होतो. स्टील आणि फायबरग्लास उन्हात सारखे फुगत नाहीत, त्यात दर वळणाला तिथे ताण येतो. केसाएवढी फट पडते आणि खारं पाणी आत जातं. फोम ते धरून ठेवतो. स्टेनलेस स्टीलवरचा संरक्षक थर टिकायला प्राणवायू लागतो. कोंडलेल्या पाण्यात तो मिळत नाही, आणि बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या दांड्याला आतून खड्डे पडत जातात.

इथे हिवाळ्यात ते पाणी गोठतं आणि कवचाचा जोड फाटतो. ठाण्याच्या खाडीत बर्फ नाही, पण गाळ आहे. ओहोटीला बोट गाळात बसली की पातं रुततं, बोट मात्र हलत राहते, आणि तो सगळा पीळ आतल्या वेल्डवर येतो.

म्हणून कापड विकत घ्यायच्या आधी तपासणी करा. टिलर, म्हणजे सुकाणू फिरवायचा वरचा दांडा, एकाने घट्ट धरायचा, दुसऱ्याने पातं दोन्ही हातांनी पिळायचं. किंचितही ढिलेपणा जाणवला तर आतल्या स्टीलच्या पट्ट्या सुटल्या असाव्यात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकून पाहा. टणक आवाज मधेच बसका झाला तर तिथे कवच फोमपासून सुटलंय. शेवटी सगळ्यात खालच्या कोपऱ्यात ६ मिलिमीटरचं भोक पाडा. तांबूस, कुजका वास येणारं पाणी ठिबकलं, तर पातं उघडण्यावाचून इलाज नाही.

हे आग्रहाने सांगायचं कारण म्हणजे कार्बन फायबरचं आकर्षण. पातं न उघडता वरून कार्बनचं कापड गुंडाळलं की काम झालं, असं वाटतं. दांडा आणि पातं यांचा जोडच आतून सुटला असेल, तर वरच्या कार्बनने काहीही साधत नाही. कार्बनचा धागा काचेच्या धाग्याच्या तिप्पट ताठ असतो, पण दीड-पावणेदोन टक्के ताणला की तुटतो. काचेचा धागा चार टक्क्यांच्या पुढेही तग धरतो. जाड काचेवर कार्बनची एखादी पातळ पट्टी लावली तर सगळा भार आधी तिच्यावर येतो, ती तुटते आणि काचेला एकदम झटका बसतो. कार्बन लावायचा तर पुरेसा, नाहीतर लावूच नका.

पात्याची एक बाजू ग्राइंडरने कापून काढा, कडेला ४ सेंटिमीटरची किनार ठेवा. ओला फोम सगळा खरवडा, गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढा आणि पातं आठवडाभर तरी वाळू द्या. दांडा घासून नीट पाहा. खड्डे खोल असतील किंवा वेल्डजवळ तडा असेल, तर दांडा बदललेलाच बरा. फक्त पट्ट्या सुटल्या असतील तर ३१६एल रॉडने आर्गॉन वेल्डिंग करून घ्या; रबाळे-महापे किंवा वागळे इस्टेटमध्ये हे काम करणारे मिळतात.

आता मापं. १.३ मीटर उंच आणि ४५ सेंटिमीटर रुंद पातं धरलं तर चौरस मीटरला ४०० ग्रॅम वजनाचं बायॲक्सियल (दोन दिशांच्या धाग्यांचं) काचकापड साडेचार चौरस मीटर, ३०० ग्रॅमचं एकाच दिशेच्या धाग्यांचं कार्बन १ चौरस मीटर, इपॉक्सी हार्डनरसकट साडेचार किलो आणि दोन भागांचा ओतायचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम दीड किलो. दाराच्या चौकटीत मारतात तो डब्यातला फोम नको. तो हवेतल्या ओलाव्यावर सुकतो, त्यामुळे बंद पोटात मधोमध कच्चा राहतो.

दांड्याच्या स्टीलच्या पट्ट्या पलीकडच्या कवचाला सिलिकाची भुकटी घातलेल्या घट्ट इपॉक्सीने आणि काचेच्या पट्ट्यांनी बांधा. मग फोम थोडा थोडा ओता. एकदम ओतला तर फुगून कवच फाडतो. सुकल्यावर घासून तो कडेपेक्षा ३ मिलिमीटर खाली घ्या. किनारीला उतार द्या, जाडीच्या बारापट. म्हणजे ३ मिलिमीटरच्या कवचाला ३६ मिलिमीटर.

आधी काचेचा एक थर. हा चुकवू नका, कारण कार्बन वीज वाहतो आणि खाऱ्या पाण्यात धातूला थेट टेकला की धातू झिजवतो. त्यावर दांड्याच्या रेषेत कार्बनच्या १५, १२ आणि ९ सेंटिमीटर रुंदीच्या तीन पट्ट्या, मग काचेचे आणखी तीन थर. काचेचे धागे ४५ अंशात आडवे-तिडवे असू द्या, पीळ तेच झेलतात. कार्बन वाकणं झेलतो. दुसऱ्या बाजूला रंग काढून तशाच तीन पट्ट्या आणि वर काचेचे दोन थर. पुढच्या कडेवरून कापड ५ सेंटिमीटर वळवा. मागची कड धारदार असते, तिथे कापड वळत नाही. बाहेर सोडून नंतर कापा.

एफआरपीचं (फायबरग्लासचं) काम करणाऱ्या कारागिराला पॉलिएस्टर रेझिनची सवय असते. लवकर हवं तर हार्डनर जास्त, असा त्याचा हात बसलेला असतो. इपॉक्सीत ते चालत नाही. प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच, डिजिटल काट्यावर मोजून. वेग बदलायचा तर हार्डनरच वेगळा घ्यायचा. ३० अंशांच्या वर एका वेळी २५० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. ग्लासात राहिलं तर स्वतःच्याच उष्णतेने धूर सोडतं. इथे इंग्लंडमध्ये उलटा त्रास असतो, १० अंशांत ते लवकर सुकत नाही आणि तंबू ठोकून हीटर लावावे लागतात.

दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. पॉलिश पेपर मारायच्या आधी तो पाण्याने आणि स्कॉच-ब्राइटने धुवा, नाहीतर पुढचा थर सुटतो. ठाण्याकडे नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ या कामाला उत्तम. घासताना मास्क लावा. कार्बनची धूळ ग्राइंडरच्या मोटरमध्ये गेली तर शॉर्ट होतो, म्हणून व्हॅक्यूम जोडूनच घासा.

आकारासाठी मायक्रोबलून (बारीक पोकळ गोळ्यांची हलकी भुकटी) घातलेली इपॉक्सीची लांबी, म्हणजे पुट्टी, आणि पुठ्ठ्याचा साचा. सगळ्यात जाड भाग पुढच्या कडेपासून १३५ मिलिमीटरवर, ५४ मिलिमीटर जाड. मागची कड गोल करू नका, ३ मिलिमीटरची चौकोनी ठेवा. गोल कड वेगात थरथरते. वर पांढरा रंगच द्या. साध्या तापमानाला सुकलेलं इपॉक्सी ५०-६० अंशांत मऊ पडू लागतं, आणि एप्रिलच्या उन्हात काळं पातं तिथवर सहज तापतं.

शेवटी, दांडा शिरतो तिथे भोवताली ६ मिलिमीटर रुंद आणि तेवढीच खोल खाच कोरून ती लवचिक पीयू सीलंटने भरा. इपॉक्सीने भरली तर पुन्हा तीच फट पडते. दांड्यावरून पात्यावर जाणारी एक रेघ ओढून ठेवा. पहिला हंगाम संपल्यावर ती सरळ आहे का बघा, आणि खालच्या कोपऱ्यात परत ६ मिलिमीटरचं भोक पाडा. ड्रिलवर कोरडा भुसा आला तर इपॉक्सीने बुजवून टाका.